जुनी शिलाई मशीन: आधी तेल, स्क्रू मग

कितीतरी घरांत माळ्यावर, पडवीत नाहीतर जिन्याखाली गोणपाट टाकून ठेवलेली एक काळी शिलाई मशीन असते. सासूबाईंना सुईत दोरा ओवता येईना म्हणून ती बंद झाली आणि मग पडूनच राहिली. जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायला काढलं की ती भंगारात जाते. भंगारवाला वजनावर घेतो आणि गिऱ्हाईक दिसलं की नगावर विकतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात ब्लाऊज आणि ऑल्टरचं काम घरी सुरू करायचं म्हणून अशी मशीन घेणाऱ्या बायका पुष्कळ. मशीन घरी येते, चाक फिरवून बघितलं जातं, ते हलत नाही, आणि लगेच कोणीतरी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतं. घात होतो तो इथंच.

बरीच वर्षं बंद असलेली मशीन बहुतेक वेळा मोडलेली नसते, आखडलेली असते. आत घातलेलं तेल वाळून चिकट झालेलं असतं. त्यात आपल्याकडं मशीनच्या तेलाची बाटली संपली की स्वयंपाकघरातलं गोडेतेल किंवा खोबरेल घालायची सवय. गोडेतेल हवा लागून लाखेसारखं घट्ट बसतं. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठायला लागतं, आणि बेळगावची डिसेंबरातली रात्र त्याहून बरीच गार असते. अशा मशीनचे स्क्रू खोलत बसलं की जे नीट बसलेलं होतं तेही हलतं, आणि एका दुखण्याची चार दुखणी होतात. म्हणून पुढचं सगळं त्याच क्रमानं करा.

हे मार्गदर्शन घरगुती काळ्या मशीनचं आहे: लोखंडी हेड, म्हणजे स्टँडवरची मूळ मशीन, बाजूने बसणारी गोल बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची फिरकी, पायाचं किंवा हाताचं चाक. शिंप्यांच्या दुकानातली छत्री मशीन आणि मोठी जुकी, म्हणजे मोटरवरची कारखानी मशीन, यांचं तंत्र वेगळं.

घेताना काय बघायचं

हेड मागे पाडून खालची बाजू बघा. नुसता वरवरचा गंज असला तर काळजी नको, घासून जातो. बघायची ती चीर. बीड ठिसूळ असतं, मशीन एकदा पडली की मानेजवळ किंवा बिजागरीजवळ तडकते. वर रंग फासून चीर झाकलेली असते, तेव्हा नखाने चाचपा. हेड तडकलेलं असेल तर फुकट मिळाली तरी घेऊ नका, वेल्डिंगने ते पुन्हा सरळ रेषेत येत नाही.

मग डाव्या बाजूची सरकपट्टी उघडून बॉबिन केस (बॉबिन बसते ती डबी) आणि शटल (सुईचा दोरा पकडून खालच्या दोऱ्यात गुंतवणारा भाग) जागेवर आहेत का बघा. बॉबिन केस नसली तर फार बिघडत नाही, ती बाजारात मिळते. पण आत गोल बॉबिनऐवजी लांबट, दोन्ही टोकांना निमुळतं शटल आणि काडीसारखी लांब बॉबिन दिसली, तर मशीन फार जुन्या घडणीची आहे. शोभेला छान, रोजच्या कामाला नको. त्या बॉबिना शोधता शोधता जीव जातो.

नावाला भुलू नका. सिंगर लिहिलेलं दिसलं की विकणारा किंमत चढवतो. खरी जुनी सिंगर बरीचशी स्कॉटलंडच्या क्लायडबँकच्या कारखान्यातली, तो १८८५ ते १९८० पर्यंत चालला. तिच्या नंबराआधी इंग्रजी अक्षर नसेल तर ती १९०० च्या आधीची. पण सोनेरी स्टिकर कोणीही लावू शकतं. उषा १९३० च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनीअरिंग वर्क्समधून सुरू झाली, आणि आपल्याकडं दिसणाऱ्या बहुतेक काळ्या मशीन त्याच साध्या घडणीच्या. त्यांचे सुटे भाग एकमेकींना बऱ्याच अंशी चालतात. माझ्या मते घरकामासाठी डोळे झाकून घ्यावी ती हीच. नव्या साध्या मशीनच्या निम्म्याहून जास्त पैसे सांगत असतील तर मात्र हात जोडून पुढं जावं.

सामान

मशीनचं पातळ, बिनरंगी तेल. रॉकेल, आणि ते मिळत नसेल तर थोडं डिझेल. जुना दातांचा ब्रश, चिमटा, सुती चिंध्या, टॉर्च. दोन स्क्रू ड्रायव्हर, एक रुंद पात्याचा आणि एक अगदी बारीक. पातं स्क्रूच्या खाचेत गच्च बसलं पाहिजे. ढिलं पातं खाच खाऊन टाकतं आणि मग तो स्क्रू जन्मात निघत नाही. नव्या १४ आणि १६ नंबरच्या सुया. खोबरेल, गोडेतेल, मोटरसायकलचं ऑइल, ग्रीस यांतलं काहीही जवळ आणू नका.

प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढा, आणि काढलेले स्क्रू क्रमाने वाटीत ठेवा. मशीनच्या स्क्रूंचे आटे वेगळे असतात, हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू त्यात बसत नाही. जबरदस्तीने बसवला तर आतले आटे जातात. हरवलाच तर शिलाई मशीनच्या सामानाच्या दुकानात जुना नमुना घेऊन जा. काउंटरवर पहिला प्रश्न हाच असतो: ‘‘जुनं आणलायसा काय? दाखवा.’’ तोंडाने वर्णन करून आणलेला भाग निम्म्या वेळा परत करावा लागतो.

आखडलेली मशीन सोडवणं

आधी कोरड्या ब्रशने धूळ, जाळ्या, दोऱ्यांचे गुंते काढा. तेल आधी घातलं तर धुळीचा चिखल होतो.

मग हेडवरची सगळी छिद्रं शोधा. माथ्यावर दोन-तीन, तोंडाच्या बाजूला एक-दोन, चाकाजवळ एक. डाव्या तोंडावरची पट्टी एका स्क्रूने निघते. ती काढली की सुईचा दांडा आणि कापड दाबणाऱ्या पावलाचा दांडा उघडे दिसतात. वाळलेलं तेल नजरेला पडतं ते याच जागी: चकचकीत असायला हवा तो दांडा तपकिरी, नख लावलं तर पापुद्रा निघतो. हेड मागे पाडून खालचे सांधेही बघा. नियम एकच, जिथं लोखंडावर लोखंड घासतं तिथं थेंब.

पहिला थेंब रॉकेलचा. प्रत्येक छिद्रात, प्रत्येक सांध्यावर दोन-तीन थेंब टाका आणि रात्रभर तशीच सोडा. चूल, गॅस, देवाजवळचं निरांजन यांच्यापासून लांब, हवेशीर जागी. सकाळी मशीन तासभर उन्हात ठेवा. लोखंड तापलं की आतला चिकटा मऊ पडतो. एप्रिलमध्ये हे सोपं आहे. जांबोटी-कणकुंबीकडं जुलैत ऊन कुठलं, तिथं केस वाळवायच्या ड्रायरची गरम हवा सांध्यांवर सोडा.

आता चाक हाताने धरून मागे-पुढे हलवा. गरगर फिरवायचं नाही. केसभर हललं तरी पुरे, पुन्हा रॉकेल, पुन्हा हलवणं. आज एक सूत, संध्याकाळी दोन, उद्या अर्धा फेरा, असं ते सुटत जातं. पक्कड लावून किंवा चाकावर लाकडाने ठोकून कधी सोडवू नका. मोकळं फिरायला लागलं की काळं पडलेलं रॉकेल चिंधीने पुसून घ्या आणि त्याच सगळ्या जागी मशीनचं तेल घाला, एक-एक थेंब. रॉकेल साफ करतं, वंगण देत नाही. ते आत ठेवून मशीन चालवली तर सांधे कोरडे घासतात.

वरची सोनेरी नक्षी जपायची असेल तर तिथं रॉकेल, थिनर, साबण काही नको. मशीनच्याच तेलाने ओली केलेली चिंधी हळू फिरवा. थिनरने मळ निघतो, आणि मोर-वेलीही निघतात.

चाक फिरतं पण सुई हलत नाही, असं दिसलं तर घाबरू नका. चाकाच्या मध्यभागी गोल बटणासारखा मोठा स्क्रू असतो. बॉबिन भरताना तो ढिला करतात म्हणजे सुई थांबून नुसतं चाक फिरतं. तो घट्ट करा. घट्ट करूनही पकडत नसेल तर त्याच्याखालची तीन कानांची चकती उलटी बसलेली असण्याची शक्यता जास्त. स्क्रू काढा, चकती अर्धा फेरा फिरवून बसवा आणि पुन्हा आवळा.

शटलची जागा

चाक एका ठरावीक जागी येऊन खटकन अडत असेल, तर दोष तेलाचा नाही. शटलच्या घरात दोरा अडकलाय.

सुई चाकाने सर्वांत वर आणा. बॉबिन केस काढा. आत गोल कडं दिसेल, ते दोन खिट्ट्यांनी किंवा स्क्रूंनी धरलेलं असतं. खिट्ट्या बाहेर वळवल्या की कडं निघतं, आणि मागून अर्धचंद्राच्या आकाराचं शटल मधल्या खुंटीला धरून बाहेर येतं. बघा तिथं काय आहे: काळपट झालेला दोरा, बहुधा दोन-तीन रंगांचा, शटलच्या पाठीमागे गुंडाळून दाबून बसलेला. चिमट्याने ओढा, निघत नसेल तर बारीक कात्रीने तुकडे करून काढा. पातं शटलला लागू देऊ नका.

आता शटल उजेडात धरून त्याची अणी बोटाच्या पेराने तपासा. वरचा दोरा धरते ती हीच. ती गुळगुळीत आणि टोकदार हवी. सुई आपटून तिथं चरा पडला असेल तर झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने अगदी हलक्या हाताने घासा, अणी बोथट होणार नाही इतपतच. गंजाचे ठिपके असतील तर तेच करा. खोल खड्डे पडले असतील तर नवीन शटल घ्या. ते महाग नसतं, आणि त्या एका भागाने अर्धी मशीन नवी होते.

बसवताना उलटा क्रम. शटल, कडं, खिट्ट्या, आणि शटल घासतं त्या कडेवर तेलाचा एक थेंब. बॉबिन केस आत दाबली की टक असा आवाज यायला हवा. आवाज आला नाही म्हणजे ती बसली नाही, आणि तशीच चालवली तर पहिल्याच टाक्याला सुई मोडते.

याच बैठकीत सुईखालची पट्टीही काढा. दोन स्क्रू असतात. खाली कापड सरकवणाऱ्या दातांच्या फटींत कापसाचे तंतू आणि तेल मिळून घट्ट थर झालेला असतो, जुन्या सुईने तो पट्टीपट्टीने उचकटून निघतो. कापड पुढं सरकत नाही अशी तक्रार असलेल्या मशीनपैकी कितीतरी या एका सफाईने चालू होतात. पट्टीचं भोकही बघा. सुया आपटून कड खरखरीत झाली असेल तर दोरा तिथं कातरला जातो. तीही पॉलिश पेपरने मऊ करा.

स्टँड आणि पट्टा

पायडलच्या दोन टोकांना, मोठ्या चाकाच्या आसाला आणि त्या दोघांना जोडणाऱ्या दांड्याच्या वर-खाली तेल. खडखड वाजत असेल तर टोकाचे निमुळते स्क्रू किंचित आवळून त्यांची नट घट्ट करा.

चामडी पट्टा बहुतेक वेळा बदलावाच लागतो. नवा पट्टा दोन्ही चाकांवरून ओढून जुळतो तिथं खूण करा आणि त्याहून दोनेक सेंटीमीटर कमी कापा, कारण चामडं नंतर ताणतं. फार आवळ झाला तर मशीन जड चालते, ढिला असला तर घसरतो. पट्ट्याला तेल लावायचं नाही. बॉबिन भरायच्या छोट्या चाकाचं रबर दगडासारखं झालेलं असेल तर तेही याच वेळी आणून टाका.

लाकडाचा फळा टॉर्च लावून खालून बघा. भुशाची बारीक रास दिसली तर वाळवी किंवा भुंगा आहे. आधी त्याचा बंदोबस्त, मग हेड चढवा.

सुई

मशीनसोबत आलेली सुई, रीळ, भरलेल्या बॉबिना सगळं बाजूला काढा. जुना दोरा दिसायला बरा असतो, पण दोन हातांत धरून झटका दिला की पट्कन तुटतो. अशा दोऱ्याने मशीन तपासायला बसलं तर दोष नसलेल्या जागी दोष शोधत दिवस जातो.

घरगुती मशीनच्या सुईचा वरचा भाग एका बाजूने चपटा असतो. मोठ्या जुकीची सुई वरून पूर्ण गोल असते, ती इथं चालत नाही. दुकानदाराला ‘घरच्या मशीनची’ म्हणून सांगा. सुईच्या एका अंगाला लांब खाच असते, दोरा त्या बाजूने ओवायचा. चपटी बाजू शटलची अणी ज्या अंगाने जाते त्या अंगाला. आपल्याकडच्या बहुतेक काळ्या मशीनला ती उजवीकडे, चाकाच्या बाजूला येते. तरी सरकपट्टी उघडून, चाक हळू फिरवून एकदा डोळ्यांनी बघून घ्या. सुई वर टेकेपर्यंत ढकलून मगच स्क्रू आवळायचा.

सुती ब्लाऊज, परकर, शर्ट यांना १४ नंबर. जाड कापड, उशांचे अभ्रे, दुहेरी शिवण यांना १६. इरकली किंवा रेशमी साडीचं काम असेल तर ११, नाहीतर प्रत्येक टोच्याला धागा ओढला जातो. जीनला १८.

पहिली टीप

आधी दोरा न ओवता वहीच्या कागदावर चालवा. भोकं एका रेषेत आणि सारख्या अंतरावर पडली की सुई सरळ आहे आणि दात काम करतात. पायमशीनला नवखं असाल तर याच कागदावर पायाचा सराव करा. चाकाचा माथा आपल्याकडे येईल असं फिरायला हवं. पाय चुकून चाक उलटं गेलं की दोरा शटलमध्ये गुंततो आणि आत्ताच केलेली सफाई पुन्हा करावी लागते.

मग दोरा. वर लाल, खाली पांढरा घ्या, म्हणजे कुठला दोरा कुठं दिसतो ते कळतं. दोरा ओवताना कापड दाबणारं पाऊल वर उचललेलं असू द्या. पाऊल खाली असलं की ताणाच्या चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यामध्ये बसत नाही, वरच राहतो. नव्याने शिकणाऱ्यांची सगळ्यात जास्त डोकेदुखी याच एका गोष्टीने होते. ओवण्याआधी तेलकट चिंधीची कड या चकत्यांमधून एकदा ओढून घ्या, आत अडकलेला दोऱ्याचा तुकडा निघतो.

खालचा ताण आधी जमवा. भरलेली बॉबिन केस दोऱ्याला धरून लोंबकळत ठेवा. ती आपोआप खाली घसरत गेली तर ताण ढिला, हलका झटका देऊनही जागची हलली नाही तर जास्त. झटक्याला बोटभर उतरून थांबली की बरोबर. केसवरचा बारीक स्क्रू पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी फिरवू नका. तो निसटून फरशीवर पडला तर सापडत नाही, म्हणून खाली ताट ठेवा.

आता वरचा ताण मधल्या आकड्यावर ठेवून जुन्या सुती साडीच्या दुहेरी तुकड्यावर टीप मारा. कापडाच्या वर पांढरे ठिपके दिसले तर वरचा ताण कमी करा. खाली लाल दोऱ्याचे फासे पडले तर वरचा ताण वाढवा, आणि वाढवूनही फरक पडत नसेल तर दोरा चकत्यांत बसलेलाच नाही, पुन्हा ओवा. खाली जाळं झालं की सगळे बॉबिनला दोष देतात, दोष असतो वर.

शेजारीण मशीन दाखवायला आणते तेव्हा तक्रार बहुधा एकच: ‘‘वैनी, हे टाका सोडायलंय बघा.’’ टाका सुटत असेल तर आधी सुई बदला. नवी असली तरी बदला. काचेवर ठेवून लोळवली की वाकलेली सुई लगेच कळते. मग सुईची दिशा, मग ती पूर्ण वर बसलीय का, मग शटलची अणी. दोरा तुटत असेल तर दोऱ्याची वाट वरपासून खालपर्यंत बोटाने चाचपत जा, कुठंतरी कड खरखरीत लागेल. कापड सरकत नसेल तर टाक्याची लांबी शून्यावर आहे का, आणि पावलाचा दाब पुरेसा आहे का, हे दात खोलण्याआधी बघा.

टायमिंगला, म्हणजे सुई आणि शटलच्या मेळाला, हात लावायचा तो शेवटी

एवढं करूनही टाका सुटत असेल तरच सुईच्या दांड्याची उंची तपासा. सुई अगदी खाली जाऊन सुमारे २.४ मिलिमीटर वर येते, तेव्हा शटलची अणी सुईच्या मागे, नेढ्याच्या दीड मिलिमीटर वर यायला हवी. सुई आपटून दांडा आपल्या पकडीत वर सरकलेला असेल तर हे गणित चुकतं. काही दांड्यांवर कारखान्याच्या रेघा असतात, त्या बघा. तोंडाची पट्टी काढून दांड्याचा पकडस्क्रू किंचित ढिला करा, दांडा केसभर खाली घ्या, वळू न देता आवळा आणि हाताने चाक फिरवून बघा.

खालच्या बाजूचे मोठे सांधे आणि नट लावलेले टोकदार स्क्रू मात्र हलवू नका. तिथं खरंच बिघाड वाटत असेल तर हेड स्टँडवरून उतरवून मेस्त्रीकडे द्या. निपाणीकडच्यांना कोल्हापूर, इचलकरंजी जवळ, खानापूरकरांना बेळगाव. नुसतं हेड पोत्यात घालून एसटीने नेता येतं, पण ते चांगलं जड असतं, सोबत कोणीतरी न्या. काय-काय आधी केलंय ते मेस्त्रीला सांगा. नुसतं ‘चालत नाही’ म्हणून ठेवलं तर तो पहिल्यापासून सगळं उघडेल आणि तेवढी मजुरी लावेल.

मागे मोटर बसवलेली असेल तर मशीन हातचाकाने हलकी फिरायला लागल्यावरच तिचा विचार करा. जड मशीनला मोटर लावली की मोटर जळते. वायरचं रबर चिरलेलं, तडे गेलेलं असेल तर प्लग लावूच नका, आधी वायरमनकडून बदलून घ्या. मोटरच्या रबरी पट्ट्याला आणि पायाच्या स्विचला तेलाचा हात लागता कामा नये.

तेल घातल्यावर पहिले काही दिवस जुना मळ सुटून बाहेर येत राहतो. गिऱ्हाइकाचं कापड घ्यायच्या आधी रोज थोडा वेळ चिंध्यांवर मशीन चालवा, पुसा, पुन्हा थेंब घाला. कापडावर काळे डाग यायचे थांबले की ब्लाऊज घ्यायला हरकत नाही. रोजचं काम असेल तर तेल आठवड्याला, आणि शटलची सफाई दर दोन-तीन बॉबिना संपल्यावर.

खानापूरच्या पावसात झाकणात बंद मशीनही गंजते. प्लास्टिक गुंडाळू नका, आत ओल धरून राहते. सुती चादर बरी. सुईची पट्टी, शटल आणि दांडे यांवर तेलाचा हात फिरवून ठेवा, आणि काम नसलं तरी जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा पायडल मारा.